ग्लॅटिरामर अ‍ॅसिटेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आमचे औषधाचे दुकान आहे. कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, अगदी नेरूळपासूनचे लोक ज्या मोजक्या औषधांसाठी आमच्याकडे येतात, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या आजारावरील ग्लॅटिरामर अ‍ॅसिटेट हे इंजेक्शन आहे. ते आधी सांगून मागवावे लागते, फ्रिजमध्ये सांभाळावे लागते आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते, त्यामुळे ही माणसे पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्यांचे प्रश्नही तेच तेच असतात. मागे रांग उभी असताना काउंटरवरून दिलेले उत्तर बहुधा अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा आहे आणि या पानाने त्यात ढवळाढवळ करू नये, एवढी एकच अट आहे.

हे औषध नेमके कशाचे बनलेले आहे?

प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी चार आम्ले कारखान्यात एकमेकांना जोडून तयार केलेल्या साखळ्यांचे हे मिश्रण आहे. ग्लुटामिक आम्ल, लायसिन, अ‍ॅलॅनिन आणि टायरोसिन ही ती चार आम्ले होत. या चौघांची इंग्रजी आद्याक्षरे याच क्रमाने जोडली की ‘ग्लॅट’ असा उच्चार तयार होतो, हे लक्षात ठेवले तर नाव विसरत नाही. अशा जोडलेल्या साखळ्यांना पेप्टाइड किंवा, त्या लांब असतील तर, पॉलिपेप्टाइड म्हणतात.

येथे एक गोष्ट इतर औषधांहून वेगळी आहे. पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू दुसऱ्या रेणूसारखा असतो. ग्लॅटिरामरमध्ये चार आम्लांचे एकूण प्रमाण ठरलेले असते, म्हणजे अ‍ॅलॅनिन सुमारे ४३ टक्के, लायसिन सुमारे ३४, ग्लुटामिक आम्ल सुमारे १४ आणि उरलेले टायरोसिन. परंतु एका साखळीत कोणामागे कोण बसेल याला नियम नसतो. साखळ्यांची लांबीही कमीअधिक असते आणि त्यांचे सरासरी रेणुभार ५,००० ते ९,००० डाल्टन या पट्ट्यात येतात. भेळ जशी ठरलेल्या जिनसांची आणि ठरलेल्या प्रमाणाची असली तरी प्रत्येक घासात चुरमुरा आणि शेव यांचा क्रम वेगळा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

याचा शोध एमएससाठीच लागला होता का?

नाही, आणि ही कथा सांगण्यासारखी आहे. मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरील प्लास्टिकसारखे मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील या आवरणावर हल्ला करते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमधील वाइझमन विज्ञान संस्थेत मायकेल सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टायटेलबाउम हे या हल्ल्याचा अभ्यास करत होते. मायलिनमधील एका प्रथिनासारखे दिसणारे कृत्रिम पदार्थ बनवायचे, ते प्राण्यांना टोचायचे आणि त्यांच्यात एमएससारखा आजार निर्माण होतो का ते पाहायचे, असा त्यांचा बेत होता. आजार झाला नाही. उलट, ज्या प्राण्यांमध्ये तो मुद्दाम निर्माण केला होता, त्यांच्यात या पदार्थांनी तो दाबून धरला. गिनी पिगवरील हे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा या पदार्थाला कोपॉलिमर-१ म्हणत.

आजार निर्माण करायला घेतलेला पदार्थ आजारावरचे औषध ठरला. तरीही तेथून माणसाच्या हातात सिरिंज येईपर्यंत पाव शतक गेले. न्यूयॉर्कमध्ये ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल १९८७ साली आला, २५१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा १९९५ साली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता दिली. तेवा या इस्रायली कंपनीने ते कोपॅक्सोन या नावाने बाजारात आणले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच एमएसवरील औषधांचा समावेश केला, तेव्हा निवडलेल्या तीन औषधांत ग्लॅटिरामर होते. उरलेली दोन क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब.

हे औषध प्रतिकारशक्ती कमी करते का? घरात कोणाला सर्दी-खोकला झाला तर वेगळे राहावे का?

हा प्रश्न कोविडनंतर फार वाढला आहे. प्रतिकारयंत्रणा दडपणारी औषधे आणि तिची दिशा बदलणारी औषधे असे दोन प्रकार मानले, तर ग्लॅटिरामर दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रतिकारयंत्रणेत काही पेशी अशा असतात की त्या बाहेरून आलेल्या वस्तूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर धरून टी-पेशींना, म्हणजे हल्ल्याची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. ग्लॅटिरामरच्या साखळ्या त्या जागा अडवतात आणि दाखवणाऱ्या पेशींचा कल बदलतात. परिणामी दाह भडकवणाऱ्या टी-पेशींऐवजी दाह शमवणाऱ्या टी-पेशी अधिक तयार होतात. या शांत प्रवृत्तीच्या पेशी मेंदूत पोहोचतात, तेथे मायलिनशी साधर्म्य असलेले काही दिसले की शमवणारी रसायने सोडतात आणि शेजारच्या भडकलेल्या पेशींनाही आवर घालतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींवर आणि नियंत्रक टी-पेशींवरही परिणाम होत असल्याचे पुरावे आहेत. यांतला कोणता मार्ग मुख्य, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

रोजच्या व्यवहारापुरते सांगायचे तर या औषधामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटत नाहीत, क्षयरोग किंवा इतर जंतुसंसर्ग उफाळण्याचा विशेष धोका दिसून आलेला नाही आणि फ्लूची लस घेता येते. घरात कोणाला सर्दी झाली म्हणून स्वतःला दुसऱ्या खोलीत कोंडून घेण्याचे कारण नाही. मात्र ताप कोणत्याही कारणाने आला तरी एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती वर येऊ शकतात, म्हणून तापाकडे दुर्लक्ष करू नये.

हे कोणाला देतात आणि कोणाला नाही?

एमएसचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अटॅक येऊन जाण्याचा आहे. काही दिवस किंवा आठवडे एका डोळ्याने अंधूक दिसते, पाय बधिर होतो, तोल जातो, आणि मग बरेचसे भरून येते. ग्लॅटिरामर या प्रकारासाठी आहे. पहिलाच अटॅक असून एमआरआयमध्ये एमएसची चिन्हे असतील तर तेव्हाही ते सुरू करता येते. सुरुवातीपासूनच अटॅकविना हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारात मात्र ९४३ रुग्णांच्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही.

आपल्याकडे आणखी एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. एनएमओ नावाचा एक वेगळा आजार डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू यांवरच हल्ला करतो आणि वरवर एमएससारखा दिसतो. त्याची औषधे वेगळी आहेत आणि एमएसची काही औषधे त्यात अपाय करतात. म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅक्वापोरिन-४ किंवा मॉग या प्रतिपिंडांची रक्ततपासणी सांगितली असेल, तर ‘एमआरआय तर झाला, आता आणखी कशाला’ असे म्हणून ती टाळू नये. भारतात एमएस उत्तर युरोपाच्या तुलनेत कमी आढळतो, त्यामुळे तो अनेकांच्या ओळखीचा नसतो. मुंबई आणि पुण्यातील पारशी समाजात मात्र त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले होते.

चार महिने झाले, मला काहीच फरक जाणवत नाही. मग उपयोग काय?

मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि औषध मध्येच सोडण्याचे सर्वांत मोठे कारणही हेच आहे.

डोकेदुखीची गोळी घेतली की डोके दुखायचे थांबते आणि आपल्याला कळते. ग्लॅटिरामरचे काम जे घडणार होते ते घडू न देण्याचे आहे, आणि न घडलेली गोष्ट कोणाला दिसत नाही. आधीच बधिर झालेला पाय ते बरा करत नाही, थकवा घालवत नाही, आणि अटॅक सुरू असताना घेतले म्हणून तो आटोक्यात येत नाही. अटॅकसाठी डॉक्टर सहसा तीन ते पाच दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात. १९९५च्या चाचणीत दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांना सरासरी १.१९ अटॅक आले आणि निव्वळ पाण्यासारखे इंजेक्शन घेणाऱ्यांना १.६८. म्हणजे अटॅक २९ टक्क्यांनी कमी झाले. नंतर ४० मिलिग्रॅमच्या मात्रेवर १,४०४ रुग्णांमध्ये झालेल्या चाचणीत ही घट ३४ टक्के होती.

हे आकडे सांगितल्यावर काही जणांचा चेहरा पडतो. ‘फक्त एक तृतीयांश?’ असे ते विचारतात. आकडा तेवढाच आहे आणि तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण हे सरासरीचे आकडे आहेत. एखाद्याला काहीच फायदा होत नाही, एखाद्याला वर्षानुवर्षे अटॅक येत नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे चार महिन्यांत कळत नाही. औषधाचा पूर्ण परिणाम दिसू लागायलाच साधारण सहा ते नऊ महिने लागतात. उपयोग होतो की नाही हे पायाच्या मुंग्यांवरून ठरवायचे नसते. अटॅकची संख्या आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने काढलेले एमआरआय यांवरून ते ठरते. आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेने वहीत तारखेनुसार नोंदी ठेवल्या आहेत. दोन वर्षांनी त्या वहीतली कोरी पाने पाहूनच त्यांची खात्री पटली.

याहून ताकदीची औषधे आहेत म्हणे. मग डॉक्टरांनी हे का दिले?

आहेत. नॅटालिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब, आपल्याकडे बरेच वापरले जाणारे रिटुक्सिमॅब ही अटॅक रोखण्यात अधिक प्रभावी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत अनेक न्यूरॉलॉजिस्ट सुरुवातीलाच अशी औषधे देण्याकडे वळले आहेत. बीटा इंटरफेरॉन या एमएसवरील जुन्या इंजेक्शनाशी तुलना केली तर ग्लॅटिरामर साधारण त्याच तोलाचे ठरले आहे. त्याच्या बाजूने दीर्घ अनुभव, संसर्गाचा नगण्य धोका आणि गरोदरपणातील तुलनात्मक सुरक्षितता या गोष्टी आहेत. ज्याला पूर्वी क्षयरोग किंवा कावीळ होऊन गेली आहे, जिला लवकरच मूल हवे आहे किंवा ज्याचा आजार सौम्य आहे, त्याच्यासाठी हे गणित वेगळे असते. वर्षभर नीट घेऊनही अटॅक येत असतील किंवा एमआरआयमध्ये नवे डाग दिसत असतील, तर मात्र ‘सवय झाली आहे, राहू द्या’ असे म्हणू नये आणि औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.

२० आणि ४० मिलिग्रॅम यांत फरक काय?

२० मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज एकदा घेतात. ४० मिलिग्रॅमचे आठवड्यातून तीन वेळा घेतात आणि दोन इंजेक्शनांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवतात. अमेरिकेत त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. २०च्या दोन सिरिंज मिळून ४०ची एक, असा हिशेब करू नये. चिठ्ठीवर जे आहे तेच घ्यावे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवले तर शनिवार-रविवार मोकळे राहतात.

फ्रिजमध्ये ठेवायचे म्हणजे कुठे? वीज गेली तर? प्रवासात काय?

औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, मूळ खोक्यात, प्रकाशापासून दूर ठेवायचे असते. फ्रिजच्या दारात ठेवू नये, कारण घरात चार माणसे असतील तर ते दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. बर्फाच्या कप्प्याला लागून किंवा मागच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नये, कारण तेथे ते गोठू शकते. गोठलेले औषध वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसते, पण ते वापरायचे नसते. मधला कप्पा, पुढची बाजू, झाकणाच्या डब्यात, ही जागा मी सगळ्यांना सांगतो. भाजीच्या पिशव्या वरून लोटल्या जाऊ नयेत यासाठीच डबा.

खोक्यावर असेही लिहिलेले असते की गरज पडल्यास औषध खोलीच्या तापमानात, म्हणजे १५ ते ३० अंशांत, जास्तीत जास्त महिनाभर ठेवता येते. येथेच गफलत होते. ही ‘खोली’ ठाण्यातली नव्हे. मे महिन्यात वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या छताखालील घरात किंवा कोपरखैरण्याच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या सदनिकेत दुपारी पारा ३० अंशांच्या बराच वर असतो, आणि ऑक्टोबरमध्येही फारसा फरक नसतो. त्यामुळे ‘महिनाभर बाहेर चालते’ ही सवलत आपल्याकडे पावसाळा आणि हिवाळ्यापुरती, आणि तीही तापमान पाहूनच, वापरावी.

महावितरणचे दुरुस्तीचे काम असेल आणि वीज चार-पाच तास जाणार असेल तर फ्रिज उघडू नये. बंद फ्रिज तेवढा वेळ गारवा बऱ्यापैकी धरून ठेवतो. त्याहून लांबले तर जेल पॅक घातलेल्या थर्मास पिशवीत औषध हलवावे, पण सिरिंज आणि जेल पॅक यांच्यामध्ये सुती रुमालाची घडी ठेवावी, नाहीतर वाचवण्याच्या नादात ते गोठते. आमच्या दुकानातून वाशीला घरी नेतानाही हीच पिशवी आणावी. ट्रान्स-हार्बर लोकलने अर्ध्या तासाचा प्रवास कागदावर किरकोळ दिसतो, परंतु फलाटावर उभे राहणे, पुढची रिक्षा आणि वाटेत भाजी घेणे धरून तो दीड तासाचा होतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडतात आणि मालही वेळेवर येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात किमान दोन आठवड्यांचा साठा हाताशी असावा.

टोचलेल्या जागी लाल होते, खाज येते, गाठ राहते. काय चुकते आहे?

बहुतेक वेळा काहीच चुकत नसते. हे इंजेक्शन त्वचेखालील चरबीत दिले जाते, आणि लाली, जळजळ, खाज, सूज हे त्याचे सर्वांत सामान्य दुष्परिणाम आहेत. पहिल्या काही महिन्यांत ते जास्त जाणवतात. पण काही सवयींनी त्रास पुष्कळ कमी होतो, हे मी खात्रीने सांगतो.

सिरिंज फ्रिजमधून काढल्यावर साधारण २० मिनिटे बाहेर ठेवावी. गार औषध जास्त झोंबते. गरम पाण्यात बुडवून ते ‘लवकर’ गरम करू नये. सिरिंजमध्ये एक लहान बुडबुडा असतो, तो काढायचा नसतो, कारण काढताना औषधाचे थेंबही जातात. स्पिरिटने पुसलेली जागा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. दंडाची मागची बाजू, मांड्या, कंबरेखालचा मांसल भाग आणि बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, या जागा आलटून-पालटून वापराव्यात आणि एकाच ठिकाणी आठवड्यात दुसऱ्यांदा टोचू नये. दंडाच्या मागे स्वतःला टोचणे अवघड जाते. तेथे घरच्यांची मदत घ्यावी. टोचून झाल्यावर त्या जागी निदान दिवसभर चोळू नये. आपल्याकडे इंजेक्शन झाले की आई किंवा सासूबाई हमखास ‘जरा चोळ म्हणजे गाठ होणार नाही’ असे सांगतात. स्नायूत दिलेल्या काही इंजेक्शनांसाठी पूर्वी तसे सांगत असत, पण येथे तो सल्ला लागू होत नाही.

जागा न बदलण्याचा खरा तोटा वर्षांनंतर दिसतो. त्वचेखालील चरबी झिजून तेथे खड्डा पडतो, आणि तो भरून येत नाही. २० मिलिग्रॅम रोज घेणाऱ्यांमध्ये चाचण्यांत सुमारे २ टक्के लोकांना हा त्रास झाला. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांत तो कमी आढळला. क्वचित त्वचेचा भाग काळा पडून मृत होतो. तसे दिसले तर त्या जागी पुन्हा न टोचता डॉक्टरांना दाखवावे. मांडीवरचे खड्डे कोणाला दिसत नाहीत म्हणून लोक बोलत नाहीत, विशेषतः तरुण मुली. डॉक्टरांना ते जरूर सांगावे, कारण औषध बदलण्यासाठी हे पुरेसे सबळ कारण ठरू शकते.

टोचल्यावर अचानक छाती भरून आली, चेहरा तापला, धडधड झाली. हा हृदयविकार होता का?

बहुधा नाही, पण हे उत्तर शेवटपर्यंत वाचावे. ग्लॅटिरामर घेतल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होणे, छातीत दडपण, धडधड, श्वास अपुरा वाटणे आणि खूप घाबरणे अशी एक प्रतिक्रिया येऊ शकते. २० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे १६ टक्के रुग्णांना ती कधी ना कधी आली आहे. ४०च्या चाचणीत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. ती बहुधा पहिल्याच इंजेक्शनाला येत नाही. औषध सुरू होऊन काही महिने गेल्यावर, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना येते आणि म्हणूनच माणूस हादरतो. साधारण पाव ते अर्ध्या तासात ती आपोआप ओसरते. खाली बसावे, हळू श्वास घ्यावा आणि घरच्यांना जवळ बोलवावे.

मात्र जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वोच्च दर्जाची, चौकटीतील सूचना लावली. क्वचित प्रसंगी जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, होऊ शकते आणि ती पहिल्या इंजेक्शनापासून ते काही वर्षांनंतरच्या इंजेक्शनापर्यंत केव्हाही होऊ शकते, असे त्या सूचनेत म्हटले आहे. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. म्हणून लक्षणे थोड्या वेळात ओसरण्याऐवजी वाढत असतील, ओठ, जीभ किंवा चेहरा सुजत असेल, अंगभर गांधी उठत असतील, घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर अर्धा तास वाट पाहत बसू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. असे एकदा झाले की डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुढची सिरिंज टोचू नये. घरात एकटे राहणाऱ्यांनी इंजेक्शनाची वेळ अशी ठरवावी की शेजारी कोणी जागे असेल. रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर घेणे सोयीचे वाटते, पण मला ते पटत नाही.

उन्हात गेले की नजर अंधूक होते. औषध निकामी झाले का?

नाही. शरीराचे तापमान वाढले की मायलिन गेलेल्या नसांतून संदेश आणखी मंद जातात आणि जुनी लक्षणे तात्पुरती उमटतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी १८९० साली याचे वर्णन केले, म्हणून याला उथोफची घटना म्हणतात. ठाणे स्थानकाचा पूल दुपारी दोन वाजता चढून गेलेल्या माणसाला याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. सावलीत बसून गार पाणी प्यायल्यावर, मानेवर ओला रुमाल ठेवल्यावर तासाभरात नजर पूर्ववत झाली, तर तो अटॅक नव्हे. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग नसेल, तर तो अटॅक असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना फोन करावा. उन्हाळ्यात कामाची वेळ सकाळी आठची मागून घेणे हा हट्ट नव्हे, हे कार्यालयातील वरिष्ठांनाही समजावून सांगावे लागते.

सोबत गुळवेल, काढा किंवा प्रतिकारशक्ती वाढवणारे चूर्ण घेतले तर चालेल का?

माझा सल्ला स्पष्टपणे ‘घेऊ नये’ असा आहे. एमएसमध्ये प्रतिकारयंत्रणा कमजोर नसते; ती चुकीच्या दिशेने तलवार चालवत असते, आणि तिच्या हातात आणखी धारदार तलवार देण्यात शहाणपण नाही. दुसरे कारण यकृताचे आहे. ग्लॅटिरामरने क्वचित यकृताला इजा होते, आणि कोविडच्या काळात गुळवेल नियमित घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे निरीक्षण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, हेही नमूद करायला हवे. वाद काहीही असो, दोन्ही एकत्र घेतले आणि डोळे पिवळे झाले तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. जेवणातली हळद, आले, तुळशीचा चहा यांबद्दल मी बोलत नाही.

जिममध्ये ‘पेप्टाइड’ची इंजेक्शने मिळतात. ती याच जातीची का?

पेप्टाइड हा शब्द रचनेचा आहे, गुणाचा नव्हे. इन्सुलिनही अमिनो आम्लांचीच साखळी आहे. थायमाल्फासिन हे २८ अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड चीन, इटली अशा काही देशांत मान्यताप्राप्त आहे, पण ते वेगळ्या आजारांसाठी. समाजमाध्यमांवर बाटलीतून विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव-परवाना नसलेल्या पेप्टाइडांशी चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचा काही संबंध नाही.

मूल हवे असेल तर औषध थांबवावे लागते का?

पूर्वी सरसकट थांबवत असत. पुढे गरोदरपणात औषध चालू राहिलेल्या अनेक स्त्रियांची माहिती जमा झाली आणि तिच्यात बाळातील व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. युरोपातील माहितीपत्रकातून गरोदरपणाची मनाई काढण्यात आली. स्तनपानाच्या काळातही ते घेणे शक्य मानले जाते. तरीही दिवस राहण्याचा विचार सुरू झाला की न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनाही सांगावे. सासरी सांगायचे की नाही, हा प्रश्न मला काउंटरवर कुजबुजत विचारला गेला आहे. त्याचे उत्तर औषधविक्रेत्याकडे नाही.

भारतीय कंपनीचे स्वस्त औषध मूळ औषधासारखेच असते का?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत काम केलेले लोक हा प्रश्न नेमका विचारतात : प्रत्येक साखळी वेगळी असेल, तर ‘तेच औषध’ ठरवणार कसे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अशा औषधाची नक्कल करणे पॅरासिटामॉलइतके सोपे नसते. आम्लांचे प्रमाण, साखळ्यांच्या लांबीचे वितरण, बनवण्याची रासायनिक वाट आणि जैविक परिणाम या सगळ्या पातळ्यांवर सारखेपणा दाखवावा लागतो. अमेरिकेत पहिल्या जेनेरिकला एप्रिल २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायलन या कंपनीच्या दोन्ही मात्रांना मिळाली, आणि त्यामागील औषध हैदराबादच्या नॅटको फार्माचे होते. म्हणजे आपल्या देशात बनलेले हे औषध त्या कसोटीला उतरले आहे. माझे म्हणणे इतकेच की एकदा एका कंपनीचे सुरू केले की कारण नसताना दर महिन्याला कंपनी बदलू नये, आणि बदलली तर वहीत तारीख आणि बॅच क्रमांक लिहावा.

खर्च झेपत नाही. काही मदत मिळते का?

घरी टोचायचे इंजेक्शन असल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेला आरोग्य विमा हा खर्च सहसा देत नाही. गंभीर आजारांचा वेगळा विमा असेल तर ‘लक्षणे कायम असलेला एमएस’ त्यात बहुधा समाविष्ट असतो. पॉलिसीतील व्याख्या आधी वाचावी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत एमएसचे नाव स्वतंत्रपणे आहे. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते आणि चालता येणाऱ्या, पण थकव्याने गळून जाणाऱ्या रुग्णाला तेवढे टक्के मिळणे कठीण जाते. ही या व्यवस्थेतील मोठी त्रुटी आहे, असे माझे मत आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची मुंबई शाखा रुग्णांना मार्गदर्शन करते. त्यांच्याशी संपर्क साधल्यास दुसरे काही नाही तरी हा आजार असलेली दुसरी माणसे भेटतात, आणि पहिल्या वर्षी त्याची गरज औषधाइतकीच असते.

एखादा डोस चुकला तर?

आठवेल तेव्हा घ्यावा. दोन एकत्र घेऊ नयेत. रोजचे २० मिलिग्रॅम असेल तर पुढचे २४ तासांनी आणि ४० असेल तर मधे एक दिवस सोडून घ्यावे. गणपतीत गावी गेलो आणि आठ दिवस राहून गेले, असे झाले तर डॉक्टरांना सांगावे आणि त्यांच्या सल्ल्याने पुढचे वेळापत्रक लावावे.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

सुक्या कचऱ्यात नाही, ओल्या कचऱ्यातही नाही. जाड प्लास्टिकचा, झाकण घट्ट बसणारा रिकामा डबा घ्यावा, सुईला टोपण परत न लावता सिरिंज तशीच त्यात टाकावी, डबा तीन चतुर्थांश भरला की चिकटपट्टीने बंद करावा आणि वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे. आपण ज्या रुग्णालयात दाखवता तेथे किंवा जवळच्या प्रयोगशाळेत विचारले तर ते त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत घेतात. सकाळी सोसायटीचा कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटात सुई गेल्याचा प्रकार आमच्याच गल्लीत घडला होता. तेव्हापासून हे इंजेक्शन नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्या खोक्याबरोबर एक रिकामी बरणी देतो.